चकाकीचा हिशेब

दार रंगवून झाले आहे. मास्किंगचे कागद निघाले आहेत आणि मिस्त्री पेटलेली ट्यूबलाइट दारासमोरून हळूहळू नेतो आहे. रंगाची छटा जुळली आहे, त्याबद्दल मालकाची तक्रार नाही. पण दारात उमटलेली ट्यूबची रेघ सरळ दिसत नाही. तिच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या हलतात. हँडलच्या खाली रंगात एक कणही अडकला आहे, राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान. मालक विचारतो, "हे घासून बफ मारून द्याल ना?" मिस्त्री म्हणतो, "देऊ की साहेब."

हा संवाद इतका नेहमीचा आहे की त्यात काही ठरवले गेले, हे दोघांच्याही लक्षात येत नाही. वास्तविक त्या एका होकारात रंगाचे आयुष्य, गॅरेजची मजुरी, मालकाचा वेळ आणि चांगल्या कामाची दोघांची कल्पना असे चार हिशेब एकत्र आलेले असतात. ताजा रंग घासावा, की गनमधून जसा उतरला तसाच राहू द्यावा, यावर हयातभर हेच काम केलेल्या पेंटरांचेही एकमत नाही. हा मतभेद अडाणीपणातून आलेला नाही. दोन्ही बाजूंना अनुभवाचा आधार आहे. म्हणून कौल देण्याआधी दोघांचेही पुरते ऐकून घेतले पाहिजे.

आजच्या बहुतेक मोटारींवर रंगाचे दोन वरचे थर असतात. खाली छटा देणारा बेसकोट आणि त्यावर पारदर्शक क्लिअर, ज्याला अनेक गॅरेजांत अजून 'लॅकर'च म्हणतात. घासणे-बफ करणे हे सगळे या क्लिअरवर चालते. १५०० ते ३००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, ठोकळ्यावर गुंडाळून, पाणी सोडत क्लिअरचे उंचवटे खाली आणायचे. पृष्ठभाग सपाट झाला की तो दुधी काचेसारखा मंद दिसतो. मग मशीनला लोकरीचा किंवा फोमचा पॅड लावून, कंपाउंड मारून त्या बारीक ओरखड्यांची धार मोडायची आणि चमक परत आणायची. काम चांगले उतरले तर ट्यूबची रेघ फूटपट्टीने ओढल्यासारखी दिसते.

ही सरळ रेघ मिळते ती जाडी देऊन. कारखान्यातून निघालेल्या मोटारीच्या पत्र्यावर सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन रंग असतो, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाइतका किंवा त्याहून थोडा जास्त. त्यातला क्लिअरचा वाटा साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. गॅरेजमध्ये क्लिअरचे दोन हात मारले तर वाळल्यावर ५० ते ६० मायक्रॉनच्या आसपास थर बसतो. १५०० नंबरने सगळे पॅनेल सपाट करून कंपाउंड मारले की त्यातले सुमारे १० मायक्रॉन जातात. हात जड असेल तर बरेच अधिक. गेलेला थर नवीन क्लिअर मारल्याशिवाय परत येत नाही.

मग घासायची ही सवय आली कुठून? त्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. मोटारी पूर्वी घोडागाड्यांसारख्या तेलरंगाने आणि व्हार्निशने रंगवल्या जात आणि एकेक गाडी वाळायला आठवडे लागत. ड्यूपाँट कंपनीने 'ड्यूको' नावाचे नायट्रोसेल्युलोज लॅकर आणले आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीच्या १९२४ च्या मॉडेलवर ते झळकले. आठवड्यांचे काम तासांवर आले. मात्र या रंगाची एक अट होती. थिनर उडून तो वाळे, पण गनमधून उतरल्यावर त्याला पुरती चमक नसे. ती घासून आणि रबिंग करून काढावी लागे. थ्रीएम कंपनीने १९२१ मध्ये पाण्यात न विरघळणारा 'वेटऑरड्राय' कागद बाजारात आणला होता. कोरड्या घासकामाच्या धुळीने कारागिरांचे हाल होत, त्यावर तो मोठाच उतारा ठरला. वेळेवर आलेला तो कागद आणि हे लॅकर यांची जोडी जमली.

आपल्याकडे 'ड्यूको' हा शब्द कंपनीपासून सुटून रंगकामाचेच नाव झाला. 'ड्यूको करून घेतले' म्हणणारे आजही भेटतात. त्या रंगावर काम शिकलेल्या उस्तादाने आपल्या पोऱ्याला जे शिकवले, त्यात रबिंग हा कामाचा शेवटचा टप्पा होता. तो गाळला तर काम अर्धे राहिले असेच समजले जाई, आणि तेव्हा ते खरेही होते.

आजचा टू-के पॉलियुरेथेन क्लिअर निराळ्या रीतीने वाळतो. त्यात रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक अभिक्रिया होऊन जाळे तयार होते, आणि चमक गनमधूनच उतरते. त्यामुळे ज्याला घासण्याची गरज पडली तो थर कुठेतरी बिघडला होता, असे म्हणता येते. एके काळी जो टप्पा होता ती आता दुरुस्ती झाली आहे. हात तोच, कागद तोच, पाणी तेच. कारण मात्र बदलले. तथापि, सवयीचा उगम जुना आहे एवढ्यावरून ती चुकीची ठरत नाही. घासण्याच्या बाजूने आजच्या रंगातही भक्कम मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा परिस्थितीचा. बंद बूथ, गाळलेली हवा, ठरावीक तापमान ही चैन सगळ्यांकडे नसते. महाराष्ट्रातले पुष्कळसे डेंटिंग-पेंटिंग पत्र्याच्या शेडमध्ये, जमिनीवर पाणी शिंपडून, पडदे सोडून होते. शेजारी कुणी ग्राइंडर चालवत असतो, रस्त्यावरून ट्रक जात असतो, पावसाळ्यात चिलटे ट्यूबलाइटकडे धावतात आणि ओल्या रंगावर बसतात. अशा जागी कितीही निगुतीने गन चालवली तरी कचरा येणारच. तो काढायचाच नाही असा नियम केला, तर चांगले काम फक्त बूथवाल्यांनीच करावे असे म्हटल्यासारखे होईल. घासकामामुळे साध्या शेडमधल्या कुशल कारागिरालाही मोठ्या वर्कशॉपच्या तोडीचे काम देता येते. हा लाभ छोटा नाही.

दुसरा मुद्दा मालकाच्या हक्काचा. संत्र्याच्या सालीसारखा पोत, ओघळ, कण हे दोष गनचा दाब, अंतर, थिनरची निवड, हवामान यांतून येतात. त्यांत मालकाचा काही हात नसतो. पूर्ण पॅनेलचे पैसे मोजणाऱ्याने सपाट, निर्मळ काम मागितले तर ते अवाजवी कसे म्हणावे? आणि ओघळ तसाच सोडणे हे तर कोणत्याच बाजूने समर्थनीय नाही, कारण तिथला जाड थेंब आतून पुष्कळ दिवस मऊ राहतो.

दुसरीकडे, न घासणाऱ्यांचा युक्तिवाद जाडीपासून सुरू होतो. क्लिअरमधली अतिनील किरणे शोषणारी द्रव्ये थराच्या जाडीच्या भरवशावर काम करतात. थर पातळ तितके संरक्षण कमी. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेववत नाही. तिथे आठ-दहा वर्षांच्या गाड्यांच्या टपावर क्लिअर सुटून पांढरे नकाशे उमटलेले दिसतात. त्या सगळ्यांना घासकामच कारणीभूत असते असे नाही. पण ज्या थराची पुढे अशी परीक्षा होणार आहे, त्याचा पाचवा-सहावा हिस्सा पहिल्याच आठवड्यात पाण्याबरोबर गटारात सोडावा का, हा प्रश्न उरतोच.

त्यातही जाडी सगळीकडे सारखी नसते. रंग ओला असताना कडांवरून मागे सरकतो, म्हणून दाराची धार, बॉनेटची घडी, फेंडरची ओळ इथे क्लिअर सर्वात पातळ असतो, आणि कागदाचा व पॅडचा दाब नेमका तिथेच सर्वात जास्त पडतो. अनुभवी हात धारेवर टेप लावून ठेवतो आणि तिच्यापासून बोटभर अलीकडे थांबतो. नवशिक्याच्या हातून धार फुटते, खालचा बेसकोट दिसू लागतो, आणि एका कणापायी सगळे पॅनेल पुन्हा रंगवावे लागते. बंपरवर धोका आणखी वाढतो. प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे पॅडखाली ती साचते आणि क्लिअर जळतो.

यावर घासणाऱ्यांचे उत्तर असे, की हा दोष पद्धतीचा नसून अर्धवट शिक्षणाचा आहे. २००० नंबरच्या कागदातले कण सरासरी १० मायक्रॉनचे असतात आणि त्यांनी पडलेला ओरखडा त्याहून उथळ असतो. ठोकळा वापरला, पाणी पुरेसे ठेवले, दर थोड्या वेळाने पुसून पाहिले, तर किती गेले हे हाताला कळते. शिवाय जाडी मोजण्याचे मीटर आता छोट्या गॅरेजलाही परवडतात. मोजून काम करणाऱ्याला न मोजणाऱ्याच्या चुकांची शिक्षा का?

उत्तर पटण्याजोगे आहे, पण पुरते नाही. साधा मीटर पत्र्यावरच्या सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतो, क्लिअरची वेगळी सांगत नाही. मीटर २०० दाखवत असेल तर त्यात जुना रंग किती, प्रायमर किती आणि क्लिअर किती, हे त्यावरून कळत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर तर तो चालतच नाही. आधी आणि नंतर मोजून किती गेले एवढे समजते, किती उरले याचा अंदाजच करावा लागतो. ज्याने क्लिअर स्वतः मारला आहे त्याचा अंदाज बरोबर येण्याची शक्यता अधिक, आणि म्हणूनच ताज्या रंगावरचे घासकाम जुन्या, अज्ञात रंगावरच्या घासकामापेक्षा सुरक्षित मानायला हरकत नाही.

पोताच्या जुळणीचा मुद्दा दोन्ही बाजूंनी वापरता येतो. बहुतेक वेळा अख्खी गाडी नव्हे, एक दार किंवा एक फेंडर रंगवला जातो. कारखान्यातल्या रंगालाही थोडी संत्र्याची साल असतेच. नवे दार घासून आरशासारखे केले, तर दोन्ही बाजूंच्या मूळ पॅनेलांमध्ये ते वेगळे उठून दिसते, आणि गाडी विकायला काढली की पारखी गिऱ्हाईक पहिले बोट तिथेच ठेवते. याउलट, गनमधून आलेली साल कारखान्याच्या सालीपेक्षा जाडीभरडी असेल, तर न घासलेले दारही तितकेच उठून दिसते. अशा वेळी २५०० किंवा ३००० नंबरने नुसती टोके खाली आणून शेजारच्या पॅनेलशी मेळ घालणारे पेंटर आहेत. पोत पुसायचा नाही, जुळवायचा, हे त्यांचे धोरण. आणि पूर्ण सपाटीपेक्षा ते साधायला कठीण असते.

घासायचे ठरले तरी केव्हा, हा निराळा वाद आहे, आणि त्यातही दोन्हीकडे जोर आहे. बऱ्याच क्लिअरना बूथमध्ये ६० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजले, की थंड झाल्यावर पॉलिश करता येते. बूथ नसेल तर रात्रभर किंवा अधिक थांबावे लागते आणि पूर्ण कडक व्हायला महिन्याच्या घरात काळ जातो. लवकर घासणाऱ्यांचे म्हणणे असे, की एक-दोन दिवसांत क्लिअर अजून मवाळ असतो, कागद सहज चालतो, कंपाउंड पटकन कापते, मशीनचा दाब आणि उष्णता कमी लागते. महिन्याने तोच थर इतका कडक होतो की दुप्पट मेहनत करूनही ओरखडे पुरते निघत नाहीत. हे ज्याने दोन्ही करून पाहिले आहे तो नाकारणार नाही.

मात्र मवाळ थराला एक खोड असते. आत अडकलेले थिनर पुढचे काही आठवडे बाहेर पडत राहते, थर आकसतो, आणि ताब्यात देताना आरशासारखी दिसलेली चकाकी मंद होते. खालचे जुने ओरखडेही कधी वर डोकावतात. मालकाला वाटते पॉलिश उतरले. खरे तर पॉलिश जिथल्या तिथे असते, थर हललेला असतो. यावर काही जुने पेंटर मधली वाट काढतात. क्लिअर जरा धरल्यावर १००० किंवा १२०० नंबरने वरची साय मोडून ठेवतात, थिनरला वाट मिळू देतात आणि बफ काही दिवसांनी करतात. पद्धत शहाणपणाची आहे, पण तिला गाडी उभी ठेवण्याची जागा लागते आणि मालकाची सबुरी लागते. दोन्ही गोष्टी शहरात महाग आहेत.

सबुरीचा प्रश्न आपल्याकडे ऋतूंशी आणि सणांशी बांधलेला आहे. पावसाळ्यात हवेतला ओलावा हार्डनरमधल्या आयसोसायनेटशी परस्पर अभिक्रिया करतो, बुडबुडे येतात, चमक मरते. पुण्या-नाशिकच्या थंडीत रात्रीचा पारा उतरला की वाळणे रेंगाळते. आणि नेमका पाऊस ओसरताना दसरा येतो. खंडेनवमीला गाडीची पूजा व्हायची तर गाडी दारात हवी, म्हणून आदल्या आठवड्यात गॅरेजांत झुंबड उडते. परवा रंगवलेली गाडी काल घासून, आज बफ करून दिली जाते आणि उद्या तिच्या बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक उमटते. अजून न धरलेल्या क्लिअरवर ते डाग सोडू शकते. इथे मालकाला दोष द्यावा असे वाटत नाही. सणाला गाडी हवी ही इच्छा साधी आणि योग्य आहे. पण गॅरेजवाल्यालाही दोष देता येत नाही. त्याने नाही म्हटले तर काम पलीकडच्या गल्लीत जाते.

मजुरीचा हिशेब बहुधा कुणी बोलून दाखवत नाही. एक दार नीट घासायचे, तीन नंबरांचे कागद क्रमाने फिरवायचे, मग दोन पॅडांनी बफ करायचे, यात अर्धा दिवस सहज जातो. पॅनेलचा दर ठरलेला असेल तर हा अर्धा दिवस कुणाच्या खात्यात? पैसे वेगळे मिळत नसले की घाई होते. १५०० वरून थेट मशीनवर उडी मारली जाते, आणि उरलेले ओरखडे तेलकट पॉलिशखाली झाकले जातात. तीन धुण्यांनंतर ते पॉलिश निघून जाते आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसू लागतात. अशा कामापेक्षा न घासलेले, थोडी साल असलेले दार कधीही प्रामाणिक. तथापि, मजुरी मिळत नाही म्हणून कामच नको, असे म्हणणे म्हणजे कारागिराच्या कसबाची किंमत शून्य धरणे. मजुरी वेगळी लावावी, हा त्यावरचा अधिक न्याय्य उपाय.

आरोग्याच्या बाजूने पाण्याच्या घासकामाला जुनेच समर्थन आहे. पाणी धूळ बसवते, कारागिराच्या छातीत ती कमी जाते. मात्र तो राखाडी गाळ शेवटी नालीतच जातो. कोरड्या घासकामासाठी आता फिल्मच्या चकत्या आणि धूळ खेचणारी यंत्रे मिळतात. ज्यांना ती परवडतात त्यांच्यासाठी पाणी हा एकमेव मार्ग उरलेला नाही. ज्यांना परवडत नाहीत त्यांनी पाणी सोडू नये. आणि दोघांनीही, क्लिअर फवारताना योग्य मास्क लावण्यात कसूर करू नये, कारण घासण्याच्या धुळीपेक्षा त्या फवाऱ्यातले आयसोसायनेट दम्याला अधिक निमंत्रण देते.

आता कौल. सगळे तोलून पाहता आमचा कल न घासण्याकडे झुकतो, पण सरसकट नाही. नियम म्हणून क्लिअर जसा उतरला तसा ठेवावा; जिथे कण किंवा ओघळ आहे तेवढीच जागा, क्लिअर नीट धरल्यावर, लहान ठोकळ्याने घासून बफ करावी. कारखान्यांत हेच चालते. रंगाच्या लाइनच्या शेवटी दिव्यांच्या बोगद्यात तपासनीस गाडी पाहतात, दोष खुणावतात, नाण्याएवढ्या चकतीने तेवढाच कण काढतात आणि तेवढीच जागा चमकवतात. अख्खे दार कुणी सपाट करत बसत नाही.

या मार्गालाही किंमत आहे, ती लपवू नये. ठिपक्याएवढी घासलेली जागा विशिष्ट कोनातून वेगळी दिसू शकते, कारण तिथली साल गेलेली असते. काळ्या, गडद निळ्या रंगावर हे अधिक जाणवते. ज्याला ते खपत नाही, त्याला पूर्ण पॅनेल घासून घेण्याचा अधिकार आहेच. आमचे म्हणणे एवढेच, की तो निर्णय ट्यूबलाइट हातात धरून नव्हे, गन हातात घेण्याआधी व्हावा. घासायचे आहे हे आधी ठरले तर पेंटर क्लिअरचा तिसरा हात मारू शकतो आणि घासण्यात जाणारी जाडी आधीच भरून ठेवू शकतो.

तिसरा हातही फुकट येत नाही. माल जास्त लागतो. दोन हातांमध्ये पुरेसा वेळ दिला नाही तर थिनर अधिक अडकते आणि चकाकी बसण्याचा धोका वाढतो. ओघळाची शक्यता वाढते, आणि फार जाड थर खडी लागल्यावर टवका उडवतो. म्हणून तिसरा हात मारून पूर्ण सपाटी करणे हा वेगळा, महाग, जास्त दिवसांचा पर्याय म्हणून सांगितला जावा. रोज ऑफिसला जाणाऱ्या, सोसायटीत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला तो बहुधा नको. हौसेने उभ्या केलेल्या जुन्या पद्मिनीला, जी सावलीत राहते आणि रॅलीला निघते, तो शोभून दिसतो. लॅकरच्या काळातल्या गाडीवर घासून काढलेली चमक हा तिच्या मूळ रूपाचाच भाग आहे. दोघांना एकच उत्तर देणे दोघांवरही अन्याय होईल.

या भूमिकेवर एक आक्षेप रास्त आहे. मालकाला रंगातले काही कळत नाही. त्याला तिसऱ्या हाताचे आणि मायक्रॉनचे पर्याय सांगत बसले तर तो गोंधळेल आणि स्वस्तात होणारे निवडेल. शक्य आहे. पण दोन वाक्ये समजायला कुणी तज्ज्ञ असावे लागत नाही: "घासले तर आज जास्त चमकेल, थर पातळ होईल. नाही घासले तर थोडी साल दिसेल, थर शाबूत राहील." ही दोन वाक्ये मिस्त्रीने बोलावीत आणि काय ठरले ते बिलावर लिहावे. पुढे वाद झाला तर दोघांनाही त्याचा आधार मिळेल.

राहता राहिला तो दिवस, ज्या दिवशी कामाची पारख होते. आज ती ताब्यात घेतानाच होते, आणि म्हणून गॅरेजमधली सगळी धडपड त्या एका दिवसाच्या चकाकीसाठी चालते. मालकाने महिन्याने गाडी पुन्हा घेऊन यावे, तोवर तिला वॅक्स लावू नये, कव्हर घालू नये, साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवावी, आणि मग मिस्त्रीने तीच ट्यूबलाइट पुन्हा दारासमोरून न्यावी. थिनर उडून गेलेले असेल, थर बसलेला असेल, जे दिसेल ते कायमचे असेल. हँडलखालचा कण तेव्हाही खुपत असेल तर तो काढायला तीच वेळ अधिक भरवशाची, जरी मनगटाला थोडा जास्त ताण पडला तरी. आणि कित्येक मालक त्या दिवशी कणाकडे बोट दाखवायला खाली वाकतील, क्षणभर शोधतील, आणि मग मिस्त्रीलाच विचारतील, "कुठे होता हो तो?"